वाचलेले युनिट कोणाच्या खात्यात? नेटवर्कच्या स्वयंचलनाचा हिशेब मांडताना

2023 च्या उन्हाळ्यात एक जाडजूड प्रस्ताव माझ्या टेबलावर तपासणीसाठी आला. मी एका दूरसंचार कंपनीच्या महाराष्ट्र आणि गोवा सर्कलमध्ये कॉस्ट अकाउंटंट म्हणून काम करते. दूरसंचार सेवेसाठी देशाचे जे 22 भाग, म्हणजे सर्कल, पाडले आहेत त्यांपैकी हे एक. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण त्यात येत नाहीत, परंतु गडचिरोलीच्या जंगलापासून काणकोणच्या किनाऱ्यापर्यंतचा बाकीचा सगळा पसारा येतो. प्रस्ताव असा होता की, टॉवरवरची यंत्रणा केव्हा झोपवायची, बिघाडाचे मूळ कुठे आहे, दुरुस्तीला कोणाला पाठवायचे आणि नवी यंत्रे कुठे बसवायची, हे निर्णय यापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणालीने घ्यावेत. शेवटच्या पानावर वीज, दुरुस्तीच्या फेऱ्या, मनुष्यबळ आणि यंत्रखरेदी अशा चार रकान्यांत बचत मांडलेली होती आणि दीड वर्षात गुंतवणूक वसूल होईल, असे खाली ठळक अक्षरांत लिहिलेले होते. त्यावर वित्त विभागाचा अभिप्राय मला द्यायचा होता. तो अभिप्राय पूर्ण व्हायला जवळजवळ दोन वर्षे लागली.

कंपनीला ही बचत का हवी होती, ते आधी सांगायला हवे. 1 ऑगस्ट 2022 ला संपलेल्या लिलावात देशातल्या कंपन्यांनी मिळून सुमारे दीड लाख कोटी रुपयांचे स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल सेवेसाठीच्या रेडिओलहरींचे पट्टे, घेतले, त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला देशात 5जी सुरू झाले आणि टॉवरवर नवे, अधिक वीज खाणारे रेडिओ, म्हणजे लहरी पाठवणारी आणि घेणारी यंत्रे, चढू लागले. ग्राहकाचा डेटावापर दरवर्षी वाढतो, पण त्याचे रिचार्ज त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे वाढत्या वापराचा भार खर्चाच्या बाजूलाच पडतो. त्यात आमच्या व्यवसायाची एक खास बाब अशी की, कमावलेल्या रुपयातून समायोजित सकल महसुलाच्या 8 टक्के परवाना शुल्क सरकारला जाते, शिवाय रिचार्ज विकणाऱ्याचे कमिशन जाते. वाचवलेल्या रुपयाला मात्र यांतले काहीच लागत नाही. म्हणून खर्चातली प्रामाणिक बचत मला नेहमीच महसुलातल्या वाढीपेक्षा वजनदार वाटते, आणि म्हणूनच ती कागदावर फुगवलेली दिसली की मनाला लागते.

अभियंत्यांची भाषा समजल्याशिवाय अभिप्राय लिहायचा नाही असे ठरवून मी नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या आणि सगळे ज्याला नॉक म्हणतात त्या केंद्रात, चार रात्री बसले. त्यातल्या दुसऱ्या रात्री पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला खोदकाम करणाऱ्या यंत्राने आमची फायबर तोडली. एकच केबल तुटली होती, पण पडद्यावर अलार्मची रांग थांबेना. अमुक साइटची (टॉवरच्या जागेची) लिंक गेली, तमुक साइटचे घड्याळ जुळेना, सेल (टॉवरवरून सेवा मिळणारा एक भाग) बंद, शेजारचा सेल बंद, त्या शेजाऱ्यावर अवलंबून असलेल्या मायक्रोवेव्हचे (दोन टॉवरमधल्या बिनतारी जोडणीचे) पलीकडचे टोक बंद. पाळीवरचा तरुण प्रत्येक अलार्मचे तिकीट, म्हणजे दुरुस्तीची नोंद, उघडत होता आणि तिकीट उघडले की त्या भागाच्या तंत्रज्ञाला आपोआप निरोप जात होता. पहाटेपर्यंत तीन गाड्या अशा टॉवरखाली पोहोचल्या होत्या जिथे काहीही बिघडलेले नव्हते. केबल जिथे तुटली होती तिथे जाणारी गाडी चौथी होती.

हजार अलार्ममधून एक मूळ कारण शोधणे हे काम मॉडेल, म्हणजे प्रणालीतला जुन्या नोंदींवरून शिकणारा भाग, खरोखर उत्तम करते, याबद्दल माझ्या मनात आज शंका नाही. कोणती साइट कोणत्या फायबरवर लटकलेली आहे, कोणता अलार्म आधी आला आणि कोणता त्याच्या मागून आला, पूर्वी असा क्रम दिसला तेव्हा शेवटी दुरुस्ती कुठे झाली, या तीन गोष्टी एकत्र पाहून ते एका घटनेचे एकच तिकीट काढते आणि बाकीचे अलार्म त्याच्या पोटात टाकते. 120 साइटवर चाचणी सुरू झाली तेव्हा पहिल्या तीन महिन्यांतच रिकाम्या फेऱ्या डोळ्यांत भरण्याइतक्या कमी झाल्या. ऑपरेशन्सच्या प्रमुखांनी वाचलेल्या फेऱ्यांना दर फेरीच्या खर्चाने गुणले आणि तो आकडा माझ्याकडे पाठवला.

मी त्या तीन महिन्यांची देयके काढून पाहिली. दुरुस्तीच्या कंत्राटदाराला दिलेली रक्कम एका रुपयानेही घटलेली नव्हती. आमचा करार दर साइटमागे दर महिन्याला ठरावीक रक्कम देण्याचा होता, त्यात फेऱ्या दहा झाल्या काय किंवा दोन झाल्या काय, आम्ही तेवढेच देत होतो. गाड्यांचे वाचलेले डिझेल आणि माणसांचे वाचलेले तास कंत्राटदाराकडे राहिले होते. यात त्याची काहीच चूक नव्हती, कारण करार आम्हीच तसा केला होता. मी प्रमुखांना एवढेच लिहिले की, हा लाभ खरा आहे, पण तो अद्याप आपला नाही. कराराचे नूतनीकरण होईल त्या दिवशी तो आपला करून घ्यावा लागेल आणि तोपर्यंत बचतीच्या रकान्यात शून्य राहील. त्यांना ते फारसे रुचले नाही. परंतु त्यांनीच पुढे नव्या निविदेत फेरीनिहाय दराचे कलम घालून घेतले, हेही मी इथे कृतज्ञतेने नोंदवते.

विजेचा हिशेब याहून गुंतागुंतीचा निघाला आणि माझा सर्वाधिक वेळ त्यातच गेला.

मोबाइल नेटवर्कला लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा टॉवरवरच्या रेडिओंचा असतो. एका टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तीन सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये वेगवेगळ्या बँडचे, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांचे, थर असतात. खालच्या फ्रिक्वेन्सीचा थर दूरवर आणि घराच्या आत पोहोचतो. वरच्या फ्रिक्वेन्सीचे थर गर्दी पेलण्यासाठी असतात. मध्यरात्रीनंतर गर्दी नसते, तरी हे वरचे थर जागेच राहतात, कारण 4जीचा सेल कोणी बोलत नसतानाही दर मिलिसेकंदाला आपला संदर्भसंकेत पाठवत राहतो. 5जीची रचना या बाबतीत उदार आहे: त्याचा ओळखसंकेत सामान्यतः 20 मिलिसेकंदांनी एकदा जातो, त्यामुळे मधल्या वेळात रेडिओला डुलकी घेता येते. मॉडेलचे काम असे की, प्रत्येक सेलची पुढच्या तासाभराची गर्दी आधी ओळखायची, वरचा थर झोपवला तर उरलेले ग्राहक खालच्या थरात मावतील का ते पाहायचे आणि मावत असतील तरच तो झोपवायचा. पूर्वी हेच काम घड्याळ लावून होत असे, रात्री एक ते पाच. त्यात एखाद्या औद्योगिक वसाहतीची रात्रपाळी आणि एखादे निवांत खेडे यांना एकच नियम लागे.

बचतीचे गणित मी प्रस्तावातून न घेता स्वतः मांडले. झोपेत एका सेक्टरमागे 300 वॉट कमी लागले आणि रात्रीचे पाच तास मिळाले, असे धरले तर दीड युनिट वाचते. तीन सेक्टरचे साडेचार युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर रात्रीचे 45 रुपये, वर्षाचे सुमारे 16,400 रुपये आणि हजार टॉवरचे वर्षाला एक कोटी चौसष्ट लाख. आकडा लहान नाही. शिवाय रेडिओला लागणारी वीज रेक्टिफायरमधून, म्हणजे एसी विजेची डीसी करणाऱ्या यंत्रातून, येते आणि तिथे काही वीज उष्णतेत जाते, त्यामुळे मीटरवरची बचत रेडिओवरच्या बचतीपेक्षा थोडी अधिकच असते. जिथे वीज सतत जाते तिथे डिझेल जनरेटरचे गणित लावावे लागते: एका लिटरमधून साधारण तीन युनिट मिळतात, म्हणजे नव्वद रुपयांच्या आसपासच्या डिझेलवर युनिट तीस रुपयांना पडते, आणि डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्यामुळे त्यावर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. प्रस्तावात म्हणूनच डिझेलच्या बचतीवर मोठा भर होता. मात्र कमी भारावर चालणारा जनरेटर दर युनिटमागे अधिक डिझेल पितो, त्यामुळे भार एक चतुर्थांश कमी झाला म्हणून डिझेलही एक चतुर्थांश कमी लागत नाही. हा फरक प्रस्तावात धरलेला नव्हता. तो धरल्यावर डिझेलचा रकाना बराच खाली आला.

त्याहून मोठा प्रश्न मोजमापाचा होता. प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीने मे महिन्याच्या वापराशी ऑगस्टची तुलना करून बचत दाखवली होती, आणि पुणे जिल्ह्यातल्या मे आणि ऑगस्टमध्ये हवामानाचा फरक काय असतो हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पावसाळ्यात शेल्टरमधले (टॉवरखालच्या यंत्रांच्या खोलीतले) वातानुकूलन यंत्र निम्म्या वेळेला बंदच असते. शिवाय त्यांचे आकडे मीटरचे नव्हते, रेडिओ आपल्या वापराचा जो अंदाज सॉफ्टवेअरला कळवतो त्याचे होते. मी दोन अटी घातल्या. सम आठवड्यांत प्रणाली चालू आणि विषम आठवड्यांत बंद ठेवायची, म्हणजे ऊन-पाऊस दोन्ही बाजूंना सारखे पडतील. आणि वाचन मीटरचेच घ्यायचे. सहा महिने असे चालले. हाती आलेली बचत प्रस्तावातल्या बचतीच्या निम्म्याहून थोडी कमी होती. पण ती होती, दर जोडीच्या आठवड्यात दिसत होती आणि तिच्यावर मी निःशंकपणे सही करू शकत होते.

आणि मग मी टॉवर कंपन्यांची देयके उघडली. आपल्याकडे बहुतेक टॉवर मोबाइल कंपनीच्या मालकीचे नसतात. ते टॉवर कंपन्यांकडून भाड्याने घेतलेले असतात आणि वीज-डिझेल त्याच पुरवतात. काही करारांत विजेचा आकार मीटरप्रमाणे लागतो, तर काहींत दर साइटमागे महिन्याची रक्कम आधीच ठरलेली असते. चाचणीतल्या 120 साइटपैकी 46 साइट ठरावीक रकमेच्या होत्या. त्या 46 ठिकाणी आमचे रेडिओ रात्रभर झोपून जे युनिट वाचवत होते, ते युनिट सरळ टॉवर कंपनीच्या नफ्यात जमा होत होते, तर सॉफ्टवेअरचा परवाना आणि त्यावरचा 18 टक्के कर आम्ही भरत होतो. कराची वजावट मिळत असली तरी परवान्याचा खर्च आमचाच होता. हे कळले त्या दिवशी मी घरी उशिरा गेले. दुरुस्तीच्या कंत्राटात जे दिसले होते तेच इथे मोठ्या प्रमाणावर दिसत होते. प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी यंत्राचा अभ्यास मनापासून केला होता, पण करार वाचायचे कोणाला सुचले नव्हते, कारण करार तिसऱ्याच विभागाच्या कपाटात होते.

जुलै 2024 मधली एक पहाट सांगितल्याशिवाय विजेचा विषय पुरा होत नाही. आमच्या चाचणीच्या साइटपैकी काही सासवड, जेजुरी आणि फलटणच्या बाजूला होत्या, म्हणजे आळंदीहून निघणाऱ्या पालखीच्या वाटेवर. मॉडेल आदल्या वर्षीच्या वापरावर शिकलेले होते. 2023 मध्ये आषाढी एकादशी 29 जूनला होती, 2024 मध्ये ती 17 जुलैला आली, कारण मध्ये अधिक श्रावण येऊन गेला होता. मॉडेलला तारखा आणि वार ठाऊक होते, तिथी ठाऊक नव्हती. त्याने आधीच्या वर्षीच्या दिवसांत, म्हणजे जूनच्या मध्यावर, वाटेवरची गर्दी अपेक्षिली आणि प्रत्यक्ष वारी आली तेव्हा नेहमीच्या रात्री समजून वरचे थर झोपवले. त्यातही वारकरी पहाटे तीन-साडेतीनला उठतात. पाणी, आंघोळ, काकडआरती आणि घरी एखादा फोन असा त्यांचा क्रम असतो. जी वेळ मॉडेलच्या लेखी सर्वांत शांत, तीच मुक्कामाच्या गावातली सर्वांत जागी वेळ. एका मुक्कामी खालचा थर भरून गेला, थर जागे व्हायला काही मिनिटे लागली आणि तेवढ्या वेळात बऱ्याच जणांचे फोन लागले नाहीत.

त्या पहाटेचे महसुली नुकसान काढले तर नगण्य होते. मी ते काढलेही, कारण ते माझे काम आहे. पण गर्दीत चुकलेल्या म्हाताऱ्या आईला शोधणाऱ्या माणसाचा न लागलेला फोन कोणत्या रकान्यात धरायचा, हे मला ठरवता आले नाही आणि मी तसे टिपणात स्पष्ट लिहिले. त्यानंतर त्या भागाचे फिल्ड सुपरवायझर आणि प्रणालीचे अभियंते एकत्र बसले. मॉडेलला पंचांगातल्या तिथी पुरवण्यात आल्या, पालखीच्या मुक्कामांची यादी देण्यात आली आणि त्या गावांत त्या रात्री काहीही झोपवायचे नाही असा सक्तीचा नियम घालण्यात आला. सप्टेंबरमध्ये गणेशोत्सव आला तेव्हा पुण्यातल्या पेठांसाठी हीच व्यवस्था आधीपासून तयार होती. या कामाला किती माणूसतास लागले ते मी मोजून प्रणालीच्या खर्चात धरले; असे खर्च प्रस्तावांत कधीच नसतात.

मनुष्यबळाच्या रकान्याबद्दल माझे मत ठाम आहे. नॉकमधली काही पदे कमी होतील असे प्रस्तावात धरले होते. परंतु मॉडेल ज्यावर शिकले ते ज्ञान याच माणसांचे होते. बॅटरीचा अलार्म आल्यावर हा बॅटरीचा दोष नसून रेक्टिफायरचा आहे, किंवा घाटातल्या या मायक्रोवेव्हची लिंक जोरदार पावसात पडते आणि पाऊस ओसरला की आपोआप उठते, तिथे गाडी पाठवू नये, हे वर्षानुवर्षे पाळ्या केलेल्या लोकांनी जुन्या तिकिटांवर एकेक करून नोंदवले. पाच जण चार महिने याच कामावर होते आणि त्यांचा पगार कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता. मी तो रकाना पूर्ण खोडला आणि त्याऐवजी वाढत्या साइटसाठी नवी भरती करावी लागणार नाही, एवढाच मर्यादित लाभ धरला. पुढे 1 ऑक्टोबर 2024 पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे गुणवत्तेचे नवे नियम लागू झाले, ज्यांत एखाद्या जिल्ह्यातली सेवा 24 तासांपेक्षा अधिक काळ ठप्प राहिली तर ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आहे; तेव्हा मूळ बिघाड लवकर ओळखणाऱ्या त्या पाच जणांचे आणि मॉडेलचे एकत्रित मोल वरिष्ठांना वेगळे समजावून द्यावे लागले नाही.

आश्चर्याची गोष्ट अशी की, ज्या रकान्याकडे मी सर्वांत कमी लक्ष दिले होते त्यातूनच सर्वांत मोठा लाभ निघाला. सेलवर गर्दीच्या तासाचा भार ठरावीक मर्यादेपलीकडे सलग काही दिवस गेला की तिथे नवा कॅरिअर (आणखी एक फ्रिक्वेन्सी) किंवा नवी साइट मंजूर करायची, अशी आमची पद्धत होती. मॉडेलने शेजारच्या सेलसह सगळे चित्र एकत्र पाहिले आणि यादीतल्या 40 ठिकाणांपैकी 11 ठिकाणी यंत्रांची गरज नसून अँटेनाचा कल थोडा खाली आणणे आणि बँडमधला भार नीट वाटणे पुरेसे आहे, असे सुचवले. कल दूरस्थपणे बदलता येतो, त्यासाठी कोणाला टॉवरवर चढावे लागत नाही. तिथल्या तक्रारी खरोखरच थांबल्या आणि त्या वर्षीची ती खरेदी झाली नाही.

इथेही नियोजन विभागाने 11 ठिकाणच्या यंत्रांची पूर्ण किंमत बचत म्हणून लिहिली होती. मी ती मान्य केली नाही. ग्राहकांचा वापर वाढतच राहणार असल्यामुळे त्यांतल्या बहुतेक ठिकाणी ही यंत्रे वर्षा-दोन वर्षांनी लागणारच आहेत. तो खर्च टळलेला नसून लांबणीवर पडला आहे. लांबलेल्या खर्चाचा लाभ म्हणजे तेवढ्या काळाचे व्याज, यंत्राचा घसारा, जागेचे वाढीव भाडे आणि यंत्र खाणार होते ती वीज. भांडवलावर वर्षाला 11 टक्के खर्च धरला तर एक कोटीची खरेदी वर्षभर लांबल्याने 11 लाख व्याज वाचते, कोटी वाचत नाही. तरीही या मार्गाने मिळणारी रक्कम विजेच्या बचतीपेक्षा जास्त भरली, आणि मुख्य म्हणजे ती कोणत्याही करारात अडकलेली नव्हती. खरेदीचा आदेश न निघाल्याच्या दिवसापासून ती थेट आमची होती.

माझा अंतिम अभिप्राय मार्च 2025 मध्ये गेला. गुंतवणूक दीड वर्षात नव्हे, सव्वातीन वर्षांत वसूल होईल, असे त्यात लिहिले आणि तरीही ती करावी, अशी शिफारस केली. त्याला एक अट जोडली होती: ज्या टॉवरचा विजेचा करार मीटरप्रमाणे आहे तिथे प्रणाली आधी लावावी, आणि ठरावीक रकमेचे करार जसजसे संपतील तसतसे ते बदलून मगच तिथे जावे. वरिष्ठांनी अट स्वीकारली. विस्ताराचा क्रम आता टॉवरच्या वर्दळीवरून ठरत नाही, तो कराराच्या समाप्तीच्या तारखेवरून ठरतो, आणि त्या तारखांची यादी दर सोमवारच्या बैठकीत नेटवर्क, खरेदी आणि वित्त हे तिन्ही विभाग एकत्र पाहतात.

चाचणीतल्या त्या 46 साइटपैकी 19 साइटचे करार मे महिन्यात मीटरवर आले. जूनचे पहिले देयक मी स्वतः तपासले. सासवडजवळच्या एका साइटचे युनिट आदल्या महिन्याच्या वाचनापेक्षा उतरले होते, आणि या वेळी रक्कमही उतरली होती. उरलेल्या 27 साइटचे करार 2027 मध्ये संपतात.